अर्धा दात

त्या शनिवारी संध्याकाळी मी मैदानाच्या कठड्यावर बसून मटार सोलत होते. लेकीचा सॉफ्टबॉलचा सराव सुटायला पाऊण तास होता, आणि घरी जाऊन परत यावं इतका भांडुपचा रस्ता कधीच मोकळा नसतो, म्हणून भाजीची पिशवी मी सरळ तिकडेच नेते. ॲल्युमिनियमच्या बॅटचा आवाज आता कानाला इतका सवयीचा झालाय की मान वर न करताही चेंडू कुठे लागला ते कळतं. टोकाला लागला तर पत्र्याच्या डब्यावर झाकण आपटल्यासारखा, मुठीजवळ लागला तर बोदा, आणि नेमका बसला तर एकच स्वच्छ टण्. त्या दिवशी तसा टण् झाला आणि पाठोपाठ दुसरा आवाज आला. धुणं दगडावर आपटल्यासारखा. मग मैदानावर कुणीच काही बोलेना.

मी वर पाहिलं तेव्हा पिचिंग करणारी, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी गुडघ्यांवर बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. फार नव्हतं, पण पांढऱ्या टी-शर्टवर थेंबभरही खूप दिसतं. मी आधी तिसऱ्या बेसकडे बघितलं. माझी लेक तिथे उभी होती, धडधाकट, ग्लोव्ह छातीशी आवळून. माझ्या तोंडून 'हुश्श' निघालं. मोठ्याने नाही, शेजारच्याला ऐकू जाईल इतपत. आणि माझ्या शेजारी त्या मुलीची आजी बसली होती.

आजी उठून धावल्या. माझ्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या होत्या, त्या मी गोळा करत बसले.

फाटकाशी उसाच्या रसाचा गाडा असतो. सरांनी एका मुलीला तिकडे पिटाळलं आणि तिने गोणपाटाखालच्या लादीचा तुकडा रुमालात बांधून आणला. रसवाल्याने पैसे घेतले नाहीत. चेंडू गालफडावर, डोळ्याच्या बोटभर खाली लागला होता. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. डोळा मात्र आठ दिवस उघडला नाही, आणि गाल आधी जांभळा, मग हिरवट, मग पिकल्या केळ्यासारखा पिवळा झाला. हे सगळं मला लेकीकडून रोज कळत होतं, रंगांसकट, कारण त्या मुली एकमेकींना फोटो पाठवत होत्या आणि खिदळत होत्या. तेराव्या वर्षी स्वतःच्या सुजलेल्या तोंडाचंही कौतुकच वाटतं. मला मात्र रात्री पाठ टेकली की ते 'हुश्श' ऐकू यायचं. आपलं पोर वाचलं याचा आनंद कुठल्या आईला होणार नाही, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण आनंद व्हायला निदान दोन सेकंद थांबता आलं असतं.

पालकांच्या ग्रुपवर त्याच रात्री मास्कचा विषय निघाला. सॉफ्टबॉलमध्ये बॅटिंगवालीच्या मागे बसणाऱ्या कॅचरला मास्क असतोच, बॅटिंगला येणारीच्या डोक्यावर हेल्मेट असतं. प्रश्न उरतो तो चेंडू अडवायला उभ्या असलेल्या बाकीच्या मुलींचा, त्यातही पिचरचा आणि पहिल्या-तिसऱ्या बेसवरच्या दोघींचा. त्यांच्यासाठी तारेच्या जाळीचा हलका मास्क मिळतो. हा खेळ जिथून आला त्या अमेरिकेत शाळकरी मुली तो सर्रास घालतात, पण तिथल्या शाळांमध्येसुद्धा जाळी सक्तीची आहे ती बॅटिंगच्या हेल्मेटला. फिल्डिंगचा मास्क बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. म्हणजे जी हातात बॅट घेऊन उभी आहे तिचं तोंड झाकायचं, आणि जिच्या तोंडावर ती मारणार तिचं उघडं. यातला तर्क मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

ग्रुपवर तासाभरात मेसेजचा पाऊस पडला. एका बाबांचं म्हणणं, मास्क घातला की मुली निर्धास्त होतात आणि ग्लोव्ह खाली सोडतात. एका आईने घामाचा मुद्दा काढला. ऑक्टोबरात दुपारी तीन वाजता हनुवटीखालचा स्पंज चिंब होतो, खालची आडवी तार नेमकी पायाशी आलेला चेंडू झाकते, आणि आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात तारेला गंज चढतो. यातलं एकही खोटं नव्हतं. एका काकांनी 'आमच्या वेळी' सुरू केलं. आणि त्या आजींनी, ज्या एरवी फक्त सकाळचे गुलाब पाठवतात, एकच ओळ टाकली. 'मुलीच्या जातीचा चेहरा आहे, उद्या लग्न व्हायचंय.'

मी फोन पालथा ठेवला. मास्क हवा म्हणणाऱ्यांतली मी, आणि माझ्या बाजूने पडलेलं पहिलं मत हे असं.

ही ओळ मी आधी ऐकलेली होती. 1994 साली, परळच्या आमच्या घरात, माझ्या आत्याच्या तोंडून. मी नववीत होते आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिसऱ्या बेसवर खेळायचे. त्या बेसला इंग्रजीत 'हॉट कॉर्नर' म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. आमचे सर त्याला नुसतं 'तव्यावर उभं राहणं' म्हणायचे. शालेय स्पर्धेतल्या एका सामन्यात माझा पुढचा वरचा दात अर्धा तुटला. आत्या दाराशी चपला काढता काढताच म्हणाली, 'आता हिला कोण करणार?' आई डोळ्यांना पदर लावून बसली आणि वडील दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जाऊन मातीत दाताचा तुकडा शोधून आले. सापडला नाही. दुधाचा दात असता तर कौलांवर भिरकावून दिला असता, पक्क्या दाताचं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आज मला माहीत आहे की पक्का दात मुळासकट निखळला तर तो दुधात ठेवून तासाभरात दातांचा डॉक्टर गाठावा, पुन्हा रुजण्याची आशा असते. तुटलेल्या अर्ध्याला तेही भाग्य नाही. त्यावर कॅप बसली. ती बाकीच्या दातांपेक्षा जरा जास्तच पांढरी आहे, अजूनही.

पण गोष्ट मी अशी कधी सांगितली नाही. कॉलेजात, ऑफिसात, लग्नाआधी नवऱ्याला आणि पुढे लेकीला मी सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. ती अशी: समोरच्या मुलीने बंटचा, म्हणजे चेंडू बॅटने नुसता थोपवून जवळच टाकण्याचा, आव आणला, मी पुढे धावले, आणि ऐन वेळी तिने बॅट मागे घेऊन सणसणीत फटका मारला. चेंडू सरळ तोंडावर आला. मी शेवटपर्यंत नजर काढली नाही. चेंडू दातावर बसून खाली पडला, मी तो उचलला, पहिल्या बेसला फेकला, मुलगी आउट झाली, आणि मग मी थुंकले तेव्हा अर्धा दात मातीत पडला. या 'आणि मग'च्या आधी मी जरा थांबते. समोरचा माणूस हमखास 'बाप रे' म्हणतो. लेक चार वर्षांची असताना झोपताना राजकन्येऐवजी हीच गोष्ट मागायची.

त्या बंटचा हिशेब मी आता मांडला. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटिंगवाली उभी असते तिथून, तिसरा बेस 60 फुटांवर. ताशी 100 किलोमीटरने निघालेल्या चेंडूला तिथवर यायला पाऊण सेकंदही लागत नाही. मुलगी बंट अडवायला निम्मी वाट पुढे आलेली असेल तर सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. आणि डोळ्यांना दिसून हात हलायला सुरुवात व्हायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. उरलेल्या वेळात ग्लोव्ह गुडघ्यापासून तोंडापर्यंत यायचा. काही जणींचा येतो, एखादीचा येत नाही. त्या शनिवारच्या पिचरने ग्लोव्ह खाली सोडलाच नव्हता. तो वर येत होता, अर्ध्या वाटेत होता, असं लेकीने सांगितलं.

नावात 'सॉफ्ट' असल्यामुळे आमच्या शेजारणीला हा स्पंजच्या चेंडूचा खेळ वाटतो. सुरुवात झाली तेव्हा तो खरंच मऊ होता. 1887 साली शिकागोच्या एका बोट क्लबात काही तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांडक्याने तो मारला. नाव तर त्याहून उशिरा, 1926 मध्ये चिकटलं. आजचा 12 इंच घेराचा चेंडू 180 ते 200 ग्रॅम भरतो. क्रिकेटचा फार तर 163. हे मी शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, 'मग तिला क्रिकेटच का नाही घालत?'

सरांना मी मंगळवारी गाठलं. सर स्वतः खेळलेले, बोटं दोन ठिकाणी वाकडी. मास्क सक्तीचा करा म्हटल्यावर ते चिडतील अशी माझी तयारी होती. ते चिडले नाहीत. ग्लोव्हच्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'मॅडम, सोळा मुली आणि अकरा ग्लोव्ह. मी सक्ती केली तर पैसे मागावे लागतील. पुढच्या सोमवारपासून चार जणी यायच्या बंद होतील. पैशाचं नाव पण नाही काढणार, म्हणतील क्लास लावलाय.' त्या चार जणी कोण हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही. त्यातल्या एकीचे बूट माझ्या लेकीचे आहेत, गेल्या वर्षीचे. मी म्हटलं, सगळ्यांना कशाला, चारच घेऊ, वर्गणीतून. त्या त्या जागेवर जी उभी राहील ती घालेल. सर म्हणाले, 'एकीच्या घामाचा दुसरी घालेल?' मी म्हटलं, ग्लोव्ह घालतात ना. ते हसले आणि म्हणाले, 'आधी एकीला तरी घालून दाखवा.'

म्हणून रविवारी आम्ही मायलेकी स्लो लोकलने सीएसएमटीला उतरलो आणि चालत धोबीतलावाला निघालो. डाव्या हाताला आझाद मैदान. रविवार असल्यामुळे सामन्यांत सामने गुंतलेले होते; एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगला पाठ लावून उभा. कुणाचा चेंडू कुठून येईल याचा नेम नाही आणि तरी सगळे निवांत. हे शहर तसं तोंडावर येणाऱ्या चेंडूंचं जुनं सोबती आहे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅट्समनच्या श्वासाच्या अंतरावर उभा राहायचा, हेल्मेटशिवाय, आणि 27 कसोटींत त्याने 53 झेल घेतले. माझे वडील ही आकडेवारी पाढ्यासारखी म्हणायचे. तेव्हाचे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्याबद्दल मात्र ते आवाज खाली आणून बोलायचे. 1962 मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कवटी फुटली, वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं, कॉन्ट्रॅक्टर वाचले पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, 2022 मध्ये, इथे मुंबईत काढली. सोलकरांची गोष्ट वडील पाहुण्यांना सांगायचे, कॉन्ट्रॅक्टर यांची फक्त आम्हाला. पाहुण्यांपुढे कुठली गोष्ट काढायची हे मी तिथूनच शिकले असणार.

मेट्रो सिनेमाजवळच्या तिसऱ्या दुकानात मास्क मिळाला. आधी दुकानदाराने यष्टिरक्षकाचं हेल्मेट काढलं, मग हॉकीचं काहीतरी, मग शिडी लावून माळ्यावरून धुळीने माखलेला खोका. 'ह्याला गिऱ्हाईक नाही ताई, दोन वर्षं पडून आहे.' काळ्या तारा, कपाळाला आणि हनुवटीला स्पंज, मागे दोन पट्टे. पट्ट्यांच्या मधल्या फटीतून वेणी बाहेर काढायची. लेकीने घातला, आरशात पाहिलं आणि काढून काउंटरवर ठेवला. मी विचारलं, टोचतो का? नाही. दिसत नाही का? दिसतं. मग? दुकानदार बिल करायला पेन घेऊन थांबला होता.

'तू कुठे घातला होतास?' ती म्हणाली.

मास्क मी घेतला. परतीच्या गाडीत तो माझ्या मांडीवर होता आणि ती दाराच्या बाजूला तोंड करून उभी होती. मला तिचा राग आला नाही, कारण तिने काही चुकीचं विचारलं नव्हतं. नऊ वर्षं मी तिला जी गोष्ट सांगत आले, तिच्यात मास्क घालणाऱ्या मुलीला जागाच नाही. ग्रुपवरच्या 'आमच्या वेळी'वाल्या काकांना मी मनातल्या मनात बरंच काही बोलले होते. ते काका निदान उघडउघड बोलत होते. मी तर रोज रात्री पांघरूण नीट करत करत तेच सांगत होते.

परळ-लालबागला लहानपणी गोविंदाच्या दिवशी आम्ही गच्चीतून बघायचो, सगळ्यात वरचं पोर नुसत्या बंडीत, मोकळ्या डोक्याने चढायचं. 2014 मध्ये उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर आणि पोरांच्या वयावर बोट ठेवलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! मजाच गेली म्हणाले. आता वरच्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पाठीला दोरी असते, आणि ते हंडीशी पोचून हात हलवतं तेव्हा खालची माणसं तितकीच वेडी होतात. त्याला कुणी घाबरट म्हणत नाही, कारण घालायचं की नाही हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. माझा नवरा स्कूटरवर मला मागे हेल्मेट घाल म्हणून दहा वर्षं सांगत होता. मी 2022 मध्ये घातलं, पोलीस मागच्यालाही दंड करायला लागले तेव्हा. केस खराब होतात हे कारण एका रात्रीत संपलं. म्हणून मला वाटतं चौदा वर्षांखालच्या मुलींना ही मर्जी देऊच नये. मैत्रिणींच्या देखत एकटीने पिंजरा घालून उभं राहायचं की गाल पुढे करायचा, याचा निकाल तेरा वर्षांच्या मुलीने लावायचा आणि आपण कठड्यावर बसून मटार सोलायचे, हे काही बरोबर नाही. आणि कारण चेहऱ्याचं नको, लग्नाचं तर नकोच नको. डोळा, दात, हाड एवढं पुरे आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं. सहा अंगठे आले. आजींचा आला नाही. पुढच्या शनिवारी त्या कठड्यावर बसल्या त्या आमच्या दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा सोडून.

आता त्या गोष्टीतली दुरुस्ती. मी नजर काढली होती. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आला आणि मी डोळे गच्च मिटून मान फिरवली, म्हणून तर तो नाकावर न लागता तिरका दातावर लागला. पुढच्या सामन्यात मी सरांना सांगून राइट फील्डला गेले, जिथे सगळा डाव संपला तरी एखादाच चेंडू येतो. तिथेही, समोर कुणी बॅट उचलली की माझ्या पापण्या फडफडायच्या. दहावीचं वर्ष आलं आणि मी अभ्यासाचं निमित्त काढून खेळ सोडला. क्लास लावलाय म्हणाले.

परवा रात्री जेवणं झाल्यावर लेकीला घेऊन मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरले. वॉचमनने दुसऱ्या बाजूचा दिवा लावून दिला. तिचा ग्लोव्ह मी घातला, बोटं आत घामाने चिकटली. मास्कही मीच चढवला. स्पंजाला अजून दुकानाचा, जुन्या रबराचा वास होता, आणि तारांमधून पार्किंग पूर्वीसारखंच दिसत होतं, गाड्या, पाण्याची टाकी, मागच्या भिंतीवरचा पिंपळ, सगळं. खालची तार दोन मिनिटांनी दिसेनाशी झाली, नाकाचं टोक दिसेनासं होतं तशी. ती वीस पावलांवर जाऊन उभी राहिली. 'हळू टाकू?' 'टाक तुला टाकायचा तसा.' तिने हात फिरवला. चेंडू पिवळा होता, मोठा होत गेला, मग जाळीवर खण्ण झालं आणि तो माझ्या पायाशी घरंगळला. मला काहीच लागलं नव्हतं. कपाळावर कुणीतरी तळहात टेकवल्यासारखं वाटलं, बस.

ती धावत आली. आधी मास्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'आई, तू डोळे मिटलेस.'

'हो.'

'चेंडू यायच्या आधीच मिटलेस.'

'तेव्हाही मिटले होते,' मी म्हटलं. 'दात पडला तेव्हा.'

ती चेंडू उचलून हातातल्या हातात फिरवत राहिली, शिवण बोटांना लागेपर्यंत. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या करत होता. बराच वेळ विचार करून तिने विचारलं, 'मग आउट कुणी केलं?'

'शॉर्ट स्टॉपने.'